पुढचं सांगायचं न्हाय

अजूनही दुपारी डोळा लागला की कधीकधी माझ्या डाव्या तळहातावर कुणीतरी बोट फिरवतं. एक वळण, मग खाली ओढलेली रेघ. अक्षर पुरं व्हायच्या आत जाग येते. पंखा फिरत असतो, खाली मंगळवार पेठेत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत असतं, आणि तळहात कोमट वाटतो. माझ्या सासूबाईंचं बोट ते. त्या आता नाहीत.

मी कागलची. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. गल्ली मात्र त्यांना बाई म्हणायची, कारण निम्म्या गल्लीला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. शाळेत त्यांनी पहिलीचा वर्ग कधी सोडला नाही. वरचा वर्ग देऊ केला की म्हणायच्या, "वर पोरं नुसती शानी हुत्यात. वाचाय लागत्यात ती हितंच."

मूल एखाद्या अक्षरापाशी अडलं की आत्ती त्याचा तळहात उघडायला लावायच्या आणि त्यावर बोटानं ते अक्षर काढायच्या. डोळ्याला कळत नाही ते कातडीला कळतं, असं त्यांचं ठाम मत. मग थांबायच्या. वर्गाला नियम एकच: पुढचं सांगायचं न्हाय. शेजारच्यानं शब्द पुरवला की त्याची रवानगी दाराबाहेर. पाठ म्हणणाऱ्यांवर तर त्यांचा खास राग. असं पोर सापडलं की त्याच्या हातातलं पुस्तक त्या गुपचूप उलटं करायच्या. पोर तरीही घडाघडा म्हणतच राहायचं. "ह्ये वाचन न्हवं, ही टेप हाय," म्हणायच्या.

एवढा धीर फक्त अक्षरांसाठी. एरवी शिट्टीला उशीर झाला तर कुकरलाही दम भरणारी बाई. शाळेतून आल्या की पदर खोचून भाकऱ्यांना बसायच्या. माझ्या नवऱ्यानं सगळी मुळाक्षरं परातीतल्या पिठात गिरवली, आणि मग त्याच पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या. लग्नानंतर मला एकदा टायफॉइड झाला तेव्हा आत्ती उशाशी बसून पेपर वाचून दाखवायच्या, छोट्या जाहिरातींसकट. तापात मला वाटायचं, सेकंडहँड कपाटं आणि उपवर मुली एकाच गोष्टीत आहेत. त्या आवाजात मला इतकी गाढ झोप लागायची, की तशी माहेरीही कधी लागली नव्हती.

त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी त्यांनी पेपर उघडला, जवळ धरला, लांब धरला आणि चिडून म्हणाल्या, "कानडी पेपर टाकून गेला काय त्यो?"

पेपर मराठीच होता.

मेंदूत रक्ताची बारीक गाठ झाली होती. डोळे ठणठणीत, बोलणं ठणठणीत, लिहिताही येत होतं. वाचणं तेवढं गेलं. स्वतःचं नाव त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, डॉक्टरांनी तोच कागद परत पुढे धरला, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. त्या दिवसापासून आत्ती हळू बोलायला लागल्या. आमच्या पेठेत माणूस हळू बोलायला लागला की लोक तब्येतीची चौकशी करतात. कामं सगळी करायच्या, पण हात रिकामा झाला की पोळपाटावर सांडलेल्या पिठात एकेक अक्षर काढायच्या आणि पुसायच्या.

मग मार्गशीर्ष आला. शेवटच्या गुरुवारी गल्लीतल्या बायका आमच्याकडे हळदी-कुंकवाला यायच्या, आणि लक्ष्मीची कहाणी वाचायच्या त्या आत्तीच. मी म्हटलं, यंदा मी वाचते. शेजारणी म्हणाल्या, "बाई, तुमास्नी तर तोंडपाठ हाय. पोथी नुसती म्होरं धरा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," आत्ती म्हणाल्या. "मीच वाचणार."

मला धडकी भरली. समोर बसणार त्या बहुतेक त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांच्यादेखत अडल्या तर ही बाई पुन्हा कधी पुस्तक हातात धरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी कलश मांडला, बायका दाटीनं बसल्या. धुपाच्या निळसर धुरात सगळं खोल पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. आत्तींनी पोथी माझ्याकडे दिली.

"मधनंच कुठंतरी उघड. सुरुवात मला पाठ हाय."

बायका चपापल्या. कहाणी कुणी मधून वाचतं का? "देवीला चालतंय," आत्ती म्हणाल्या. "तुम्ही बसा गप."

मी उघडलं. देवी म्हातारीच्या रूपात राजाच्या दारी येते, ते पान. आत्तींचं बोट ओळीवरून सरकू लागलं. एकेक अक्षर त्या आधी बोटानं गिरवत, मग उच्चारत. 'म्हातारी' झालं. 'काठी' झालं. 'टेकत' झालं. पुढच्या शब्दावर बोट थांबलं ते थांबलंच.

'उंबरठ्यावर'. खोलीतल्या प्रत्येकीला तो शब्द येत होता. माझ्या जिभेवर तर आलाच होता. समईची वात तडतडली, आत पुरणपोळ्या गार होत होत्या, उपास सगळ्यांनाच होता. कुणी ब्र काढला नाही. केस पिकलेल्या बायका पहिलीतल्यासारख्या हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"तळहात दे," आत्ती मला म्हणाल्या.

मी दिला. पोथीवर नजर ठेवून त्या माझ्या हातावर दिसेल तो आकार काढू लागल्या. वळण, त्याला जोडून दुसरं वळण, वर टिंब. मला पहिल्याच अक्षराला कळलं होतं, आणि मी ओठ दातांखाली धरले. इतकं प्रेम मला कुणाहीबद्दल कधी वाटलेलं नाही.

"उं," आत्ती म्हणाल्या. मग बराच वेळ बोटच बोललं. आणि मग एकदम, जुन्या खणखणीत आवाजात, "उंबरठ्यावर!"

कुणीतरी हुंदका दिला. आत्तींनी तिकडे डोळे वटारले आणि ओळ पुरी केली. मग पोथी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता तू वाच, पहिल्यापासनं. पोळ्या गार हुत्यात."

पुढच्या मार्गशीर्षात आत्ती नव्हत्या. आता कहाणी मी वाचते. कहाणी मलाही पाठ झाली आहे, पण बोट ओळीवरून उचलत नाही. म्हातारी काठी टेकत येते, तिथं मी दरवर्षी अडते. मांडीवरचा डावा तळहात आपोआप उघडतो. खोलीतल्या सगळ्या बायकांना शब्द माहीत असतो, आणि कुणी पुढचं सांगत नाही.