बांगडा आहे का?

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी मुलाखत. मी दापोलीहून एसटीने आलेली, समाजकार्याची पदवी फायलीत जपून ठेवलेली. रत्नागिरीतल्या आमच्या महिला समुपदेशन केंद्राच्या त्या प्रमुख. त्यांनी फाईल उघडलीच नाही. "मासळी खातेस का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं. मी खात नाही, आणि विकत मात्र फार घ्यावी लागते." मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त दिसतात.

त्याचा अर्थ कळायला माझ्या हातून एक चूक व्हावी लागली. मिरकरवाडा बंदरावर मासळी विकणारी एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दर बुधवारी गुपचूप आमच्याकडे येत असे. घरी कळलं असतं तर तिची धडगत नव्हती. म्हणून मधल्या दिवसांत ताई गिऱ्हाईक होऊन तिच्याकडे जात आणि विचारत, "बांगडा आहे का?" "आहे, घ्या" म्हणजे ती ठीक आहे. "आज नाय" म्हणजे धोका आहे, लगेच मदत हवी. मी मात्र उत्साहाच्या भरात केंद्राचं नाव ठळक छापलेली पिशवी खांद्याला अडकवून थेट तिच्या गल्लीत गेले आणि चार बायकांना तिचं घर विचारलं. घराला कुलूप होतं. त्या बुधवारी ती आली नाही.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. ताईंना सगळं सांगून म्हटलं, "मी आत्ता जाते, तिची माफी मागते."

"गेलीस तर तुझं मन हलकं होईल आणि तिला घरी आणखी एका भेटीचा खुलासा द्यावा लागेल. माफी कुणासाठी मागायची, ते आधी ठरव."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढचे आठ दिवस दुखऱ्या गुडघ्यांनी ताई रोज बंदरावर गेल्या आणि परतल्यावर बांगड्याची पिशवी माझ्या हातात देत राहिल्या. पिशवी दिसली की माझा जीव भांड्यात पडे. घरी नेऊन तो बांगडा मीच खाल्ला, आठही दिवस.

नवव्या दिवशी ती स्वतःच आली. ताईंनी तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चूक कबूल केली. माझ्याऐवजी दुसरी कार्यकर्ती मागायचा तिला हक्क आहे, हेही सांगितलं. ती हसली. "सासूला सांगितलंय, घर विचारनारी बचत गटाची बाई होती. सासू पाळतीवर होती, म्हनून आले नाय. पन तुमी आपनहून बोललात, बरा वाटला. तुमीच ऱ्हवा." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आज ती स्वतःच्या खोलीत निर्धास्त राहते. ताईंच्या साठीनिमित्त हे लिहावं की नाही, हे ताईंच्याच शिस्तीप्रमाणे मी आधी तिला विचारलं, मजकूर वाचून दाखवला. तिने एकच भर घालायला सांगितली: "ताईंना ताजा-शिळा काय कळत नाय, ता पन लिवा." लिहिलं.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि बंदरावर त्या जिला जिला विचारतील, तिच्याकडून त्यांना हेच ऐकू येवो: "आहे, घ्या."