तांबोळीबाई आणि चकचकीत पाटे

तांबोळीबाई नापास झालेला पाटा कधी परत देत नसत. प्रेसखाली घालून मोडत. बसचं ओझं पेलणारा तो जाड पोलादी पाटा तुटला की धाडकन आवाज व्हायचा आणि हडपसरच्या आमच्या कारखान्यात सगळे दचकायचे. "परत दिला तर रंग मारून पाठवाल," त्या म्हणत. "ओळखते मी तुम्हाला."

मंडईमागे राहणाऱ्या या बाई आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. पाट्यावर त्या नखाएवढी पट्टी चिकटवत, तिच्या मधोमध बारीक भोक पाडत आणि भोवतालचं पोलाद किती सरकलं ते काट्यावर वाचत. त्यावरून पृष्ठभागात कोंडलेला ताण कळायचा. "मला रूप दाखवू नका, कातडीत काय दडलंय ते बघू द्या," हे त्यांचं नेहमीचं. पाट्यांवर आम्ही छऱ्यांचा मारा करायचो. त्या माराने वरचा थर घट्ट दबतो आणि भेगेला तोंड उघडता येत नाही. पाटा दिसतो मात्र खडबडीत, मळकट.

ते रूप आमच्या मॅनेजरसाहेबांना खुपलं. गिऱ्हाईक माल पाहायला येणार म्हणून त्यांनी सगळे पाटे ग्राइंडरवर घासून घेतले. बाईंनी एकाला भोक पाडलं, तर काटा उलटा फिरला. दबलेला थर पार निघून गेला होता.

"अहो साहेब, पाटे लग्नाला निघालेत का? घाटात बस कोसळेल!"

"ट्रक भरून झालाय, बाई. पाहुण्यांसमोर चाचणीच्या मशीनवर पाटा वाकवून दाखवतो, मग तरी गप्प बसाल."

पाहुण्यांना चकाकी दिसावी म्हणून त्या शहाण्याने मशीनपुढची संरक्षक जाळीही काढायला लावली आणि स्वतः वाकून पुढे उभा राहिला. पाटा वरखाली होऊ लागला. बाईंना भेग दिसली असावी. त्यांनी धावत जाऊन साहेबांना ढकललं, तोच पाटा तुटला आणि तुकडा बाईंच्या पोटात घुसला. रक्ताची चिळकांडी साहेबांच्या तोंडावर उडाली.

बाईंनी माझी कॉलर पकडली. "आधी ट्रक रिकामा करा. मला मग उचला."

आम्ही ऐकलं नाही, आधी त्यांनाच उचललं. इस्पितळाच्या दारातच त्या गेल्या.

परत आलो तेव्हा साहेब एकटेच ट्रकवर चढून पाटे खाली फेकत होते. हात सोलवटले होते, तोंडावरचं रक्त तसंच. मी वर चढलो, दुसरं टोक धरलं. सगळा ट्रक आम्ही दोघांनी रिकामा केला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.