साठ धरून की सोडून

शाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. कॉम्प्युटर शिकवायला लागून नऊ वर्षं झाली तरी त्या टायपिंगबाईच राहिल्या. नव्या शिक्षकांना वाटायचं, बाईंना याचा राग येत असेल. छे! फोन उचलला की बाई स्वतःच म्हणायच्या, "हां, टायपिंगबाई बोलतेय."

एकोणिसाव्या वर्षी त्या टायपिंग शिकल्या आणि पुढची बावीस वर्षं एका जिन्याखालच्या क्लासात त्यांनी ते शिकवलं. तिथला कायदा कडक. पानात एक अक्षर चुकलं की पान फाडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली कीबोर्डकडे न बघता पानंच्या पानं काढायच्या, याचा त्यांना भारी अभिमान. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला, आणि घरी बसून राहणं काही बाईंच्या पचनी पडेना. त्रेचाळिसाव्या वर्षी त्या आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून प्रोग्रॅमिंग शिकल्या. पोरं हसली. परीक्षेत बाई पहिल्या काही आल्या नाहीत, तिसऱ्या आल्या. पण हसणाऱ्यांपैकी एकही पहिल्या दहांत नव्हता, हे त्या आजही विचारल्याशिवाय सांगतात.

शाळेची कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. चोवीस मशीनं. त्यांतली निम्मी कायम कापडाखाली, कारण लॅबच्या दारावर हेडसरांच्या सहीची सूचना लावलेली होती: गणितात साठच्या वर गुण असणाऱ्यांनाच हा विषय घेता येईल. दरवर्षी दहा-बारा जण यायचे. त्यांत मुली दोन, फार तर तीन. बाकीच्या पोरी सूचना वाचून दारातूनच परत फिरायच्या, आणि ती झाकलेली मशीनं बाईंच्या डोळ्यांत खुपायची. एके दिवशी त्या तडक हेडसरांच्या खोलीत गेल्या.

"सर, तो साठचा नियम काढा."

"अहो बाई, ज्यांना अपूर्णांक जमत नाहीत, त्यांना तुम्ही प्रोग्रॅम लिहायला शिकवणार?"

"अपूर्णांक मशीन सोडवेल. मी विचार करायला शिकवीन."

हेडसर तसे भले गृहस्थ. शाळेचा निकाल हा त्यांचा हळवा कोपरा, एवढंच. निकाल एक टक्का खाली आला की त्यांना जेवण जात नसे. शेवटी त्यांनी तोड काढली. साठच्या खालची चोवीस मुलं घ्यायची, त्यांचा वेगळा तास ठेवायचा, आणि सत्र संपलं की बाहेरून परीक्षक बोलवायचा. निम्मी मुलं पास झाली तर नियम जाईल. नाही झाली तर नियम राहील, आणि बाई हा विषय पुन्हा काढणार नाहीत.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या. सरांनी दिलं.

चोवीस जणांमध्ये पंधरा मुली होत्या. पहिल्या दिवशी बाईंनी मशीनला हातच लावू दिला नाही. दारात उभं राहून म्हणाल्या, "मी मशीन. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. तास संपलाय, आता लॅब बंद करायला सांगा."

"बाई, बाहेर या." बाई आल्या.

"कुलूप लावा." बाईंनी कडीला कुलूप लावलं, किल्ली फिरवली आणि शांतपणे उभ्या राहिल्या. दार सताड उघडं.

"बाई, दार!"

"दार लोटून घ्या असं कुणी सांगितलं?"

पोरं खो खो हसली. बाईंना वाटलं, आता काय, अर्धी लढाई जिंकली.

कसली जिंकताय! सहा आठवड्यांनी त्यांनी चाचणी घेतली, तर चोवीसपैकी पाच पास. आणि नापास तरी कसे? कागदावर सगळ्यांना जमत होतं. पण स्क्रीनवर एररची लाल ओळ उमटली की पोरींचे हात मांडीत जायचे. मुंगी म्हणून एक होती, अंगाने लहान, आवाज त्याहून लहान. ती तर लाल ओळ दिसली की खुर्चीतून उठून उभी राहायची. "बाई, माझं चुकलं." बाई म्हणायच्या, "असू दे, पुन्हा कर." मुंगी सगळं पुसून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तास संपेपर्यंत तिच्या स्क्रीनवर तीन ओळींच्या वर काही नसायचं.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या तापलेल्याच. नवरा बस डेपोतून रिटायर झालेला मेकॅनिक, खिडकीत बसून रेडिओ ऐकत होता. बाईंनी पिशवी टेबलावर आदळली मात्र, त्याने रेडिओ बंद केला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"ते माहीत नाही. पण काहीतरी चुकलं असेलच ना."

"अहो, मग कशाला म्हणता?"

"अगं, एकदा तेवढं म्हटलं की विषय मिटतो. तीस वर्षं निभावलीत मी त्यावर."

बाई हसल्या, आणि मग त्यांना तेच शब्द खटकले. विषय मिटतो! पोरीही तेच करत होत्या. माझं चुकलं म्हणायचं, पुसून टाकायचं, आणि कुठे चुकलं ते कुणी बघायचंच नाही. आणि पान फाडायची ही सवय पोरींना लावली कुणी? बावीस वर्षं ज्यांनी तेच शिकवलं, त्याच बाईंच्या तोंडून आजही 'पुन्हा कर' येत होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

"तुमच्या डेपोत गाडी बंद पडली की ड्रायव्हर माझं चुकलं म्हणायचा?"

"म्हणू दे की. आम्ही विचारायचो, आवाज कुठून येतोय ते सांग."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फर्मान काढलं. या लॅबमध्ये 'माझं चुकलं' म्हणायला बंदी. पुसायलाही बंदी. जिथे चुकलं त्या ओळीचा नंबर सांगायचा, मोठ्याने. आठवडाभर सगळे चाचरत होते. मुंगी सवयीने उभी राहायची, "बाई, माझं..." म्हणायची, जीभ चावायची आणि म्हणायची, "चौथ्या ओळीत चुकलं."

"काय चुकलं?"

"कंस उघडलाय, बंद नाही केला."

"मग कर बंद. उभी काय राहतेस, खुर्चीला काटे आहेत का?"

हळूहळू लॅबमध्ये बाजार भरल्यासारखा गलका व्हायला लागला. "सातव्यात!" "माझ्या नवव्यात!" "तुझ्या पाचव्यात काहीच नाही, सहाव्यात बघ!" शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर दोनदा तक्रार करून गेले. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि दार लावून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी आलेल्या परीक्षक मॅडम कॉलेजात शिकवणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. घोकून लिहिता येईल असं काही त्या देत नसत. हेडसरांना म्हणाल्या, "तुमच्या शाळेतला एखादा खरा नियम सांगा. मुलं त्याचाच प्रोग्रॅम लिहितील."

हेडसरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर दारावर गेली. "हाच घ्या की. गणिताचे गुण साठच्या वर असतील तर प्रवेश, नाहीतर प्रवेश नाही."

हा खोडसाळपणा होता की निव्वळ बेसावधपणा, ते बाईंना आजवर कळलेलं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या नियमाने या पोरांना बाहेर ठेवलं, तोच त्यांच्या हातून लिहून घ्यायचा! पण परीक्षा चालू झाली होती, आणि बाईंना बोलायची परवानगी नव्हती.

पाच मिनिटांत एक हात वर. "सर, साठच्या वर म्हणजे साठ धरून की सोडून?"

"धरून," सर म्हणाले. मग थांबले. "म्हणजे... सोडून. वर म्हणजे वर."

"माझ्या दादाला साठच होते. त्याला घेतलं नव्हतं," एक मुलगा म्हणाला.

"आमच्या शेजारच्या ताईलाही साठच होते. तिला घेतलं होतं," मागून आवाज आला.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. परीक्षक मॅडम म्हणाल्या, "सर, मुलांना ओळ लिहायचीय. एकच काय ते सांगा."

"धरून," हेडसर चष्म्याला म्हणाले.

तासाभराने मॅडम एकेका मशीनपाशी जाऊ लागल्या. बाई भिंतीला टेकून बोटांवर मोजत होत्या. चार. सात. एकाचं अडलं, दोघींचं अडलं. नऊ. दहा. तिसऱ्या रांगेच्या टोकाला बारा झाले, आणि बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की दोन पोरांनी वळून पाहिलं. पुढे तेरा, चौदा, सोळा.

शेवटच्या मशीनवर मुंगी होती. तिचा हात वर होता. तिच्या स्क्रीनवर लिहिलेलं होतं: प्रवेश नाही.

"किती गुण घातलेस?" मॅडमनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस. माझे आहेत."

"मग उत्तर बरोबरच आहे. प्रोग्रॅम नीट तपासलास?"

"हो मॅडम. एकोणसाठ घातले, साठ घातले, एकसष्ट घातले. कुठल्याच ओळीत चुकलेलं नाही."

"मग हात कशाला वर केलास?"

मुंगी बसूनच राहिली. "नियमात चुकलंय."

हेडसर पुढे आले. "नियमात? काय चुकलंय नियमात?"

"सर, हा प्रोग्रॅम मी लिहिलाय," मुंगी म्हणाली. आवाज लहानच होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "आणि तो सांगतोय, हिला प्रोग्रॅम लिहायला घेऊ नका."

हेडसरांनी मुंगीच्या खुर्चीमागून वाकून स्क्रीनवरची ओळ वाचली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिला विचारलं, "तुझ्या वर्गात अजून कोण कोण आहेत, दारातून परत गेलेल्या?" मुंगी नावं सांगत गेली, आणि सर लिहून घेत गेले.