फडक्याची गाठ

माझ्या आईनं जेवण सोडलं ते आजोबांपायी, आणि आजोबांना जाऊन तर जमाना झाला.

निजामाविरुद्धच्या लढाईत ते छावणीचे पुढारी होते. त्यांचं घर आता स्मारक झालंय. आत दोऱ्या बांधल्यात, भिंतीवर बंदूक, ओसरीत त्यांचा पुतळा. बाळापूरकडच्या शाळांच्या सहली येतात. आई त्यांची एकुलती एक लेक, म्हणून आम्ही त्याच घराच्या मागं राहतो.

लढाईच्या वेळी आई लहान पोरगी होती. आजी फडक्यात भाकरी बांधून द्यायची आणि आई ती ज्वारीत लपलेल्या आजोबांना आणि त्यांच्या माणसांना नेऊन द्यायची. रिकामं फडकं परत यायचं, त्याला एक ठरलेली गाठ असायची. गाठ बराबर असली म्हणजे माणसं सुखरूप. ती हाताला लागेपर्यंत घरातल्या बाया घास घेत नसत. गाठ कशी होती, हे मात्र आईनं मला कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "ती सांगायची नसती, बाई."

आता तिचं डोकं त्याच दिवसांत जाऊन बसलंय. ताट पुढं केलं की विचारते, "फडकं आलं का?" लढाई संपली, रझाकार गेले, आजोबा म्हातारे होऊन खाटेवर गेले, सगळं सांगून बघितलं. मग मीच फडक्याला गाठी मारून दाखवायला लागले. निरगाठ झाली, सुरगाठ झाली. ती बोटांनी चाचपून फडकं बाजूला सारायची. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस निघायचे न्हाईत. मला रडूसुद्धा येईना, नुसता संताप येऊन राहिला होता.

तशीच स्मारकात गेले. आजीचं खरं फडकं तिथं काचेच्या पेटीत आहे. आईनं स्वतः नेऊन दिलं होतं, गाठीसकट. उद्घाटनाच्या गर्दीत मी आत गेले नव्हते, नंतर राहूनच गेलं. बघते तर काय, फडकं धुऊन, इस्त्री करून, सपाट पसरलेलं!

"कुण्या मुडद्यानं सोडली गाठ?" मी पहारेकऱ्यावर ओरडले.

बिचारा गडबडला. "ताई, लई मळकं दिसून राहिलं होतं. साहेब येणार होते, म्हणून वरूनच सांगितलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सहलीची पोरं माझ्याकडं बघत होती.

घरी येऊन आईचे पाय धरले. "आई, ती गाठ तेवढी सांग गं. आता लपायला कुणी उरलं न्हाई. तू काहून माझा जीव घेतीस?" असं म्हणत दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास तिच्या ओठाला लावला.

ती भिंतीकडं सरकली. तिच्या लेखी मी घराची झडती घ्यायला आलेली होते. झडतीवाल्यांना द्यायला आजीनं शिकवलेलं उत्तर तिनं लहान पोरीच्या आवाजात मला दिलं.

"आमच्या घरी कुणीबी येत न्हाई. मला काई ठाव न्हाई."

आणि तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.