दोघांत एक साखरेचं भांडं

आमची देवयानीवहिनी काय नोकरी करते, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "माणसांना चहा पाजते." वहिनी डोळे वटारायची. दिल्लीत कोपर्निकस मार्गाजवळच्या एका छोट्या संस्थेत ती लग्नानंतर लागली, ती अजून तिथेच आहे. भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या निवृत्त फौजींना, राजदूतांना ही संस्था दरवर्षी एका टेबलाशी बसवते. सरकारचा त्यात हात नाही. पण ही म्हातारी माणसं घरी परतल्यावर मोठ्यांच्या कानावर चार शब्द घालतात आणि त्यामुळे कधीतरी एखादी तोफ गप्प राहते, असं वहिनी मानते. मी मानत नव्हतो, आणि तसं तोंडावर सांगायचोही.

चहाच्या वेळी तिची एक युक्ती असे. इकडचा एक पाहुणा, तिकडचा एक, आणि दोघांत साखरेचं भांडं एकच, तेही जरा लांब.

"साखर मागायला तरी तोंड उघडतात की नाही बघा, भावजी!"

लाहोरचे ब्रिगेडियर हशमत याच भांड्यामुळे तिच्या ओळखीचे झाले. मधुमेह असून तीन चमचे घ्यायचे आणि म्हणायचे, "बेगम को मत बताइएगा." त्यांचा नातू त्यांच्या फौजेत, वहिनीचा मुलगा, आमचा निहार, आपल्या. दोघांनी एकमेकांना पोरांचे फोटो दाखवलेले.

या वर्षी बैठकीच्या तोंडावरच सीमेवर गोळीबार सुरू झाला. व्हिसा बंद, विमानं बंद. निहारचा फोनही बंद. दादा टीव्हीसमोरून हलेना. स्टुडिओत बसून लाहोर जिंकणाऱ्या त्या सुटाबुटातल्या वीरांना एकदा निहारच्या जागी उभं करावं, असं मला सारखं वाटत होतं. शेवटी संस्थेने बैठक ऑनलाइन घ्यायचं ठरवलं. गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर वहिनीने लॅपटॉप मांडला. पाहुण्यांना आत घ्यायचं आणि अध्यक्ष सांगतील त्याचाच माइक चालू ठेवायचा, एवढंच तिचं काम.

हशमतसाहेब सगळ्यांच्या आधी आले. हातात कप होता.

"देवयानी जी, चीनी ज़रा इधर सरकाइए."

वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. मग त्यांनी हळूच विचारलं, "निहार बेटा कैसा है?"

निहार कुठे आहे हे सांगायची बंदी होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. "ठीक होगा," ती म्हणाली. "और आपका पोता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वो भी ठीक होगा."

मला राहवेना. मी कुजबुजलो, "वहिनी, त्यांना म्हणावं, कुणाला तरी फोन करा. त्यांच्या ओळखी असतील."

तिने माइक बंद केला. "आता त्यांना कोण विचारतंय, भावजी? आणि मला तरी कोण?"

तेवढ्यात बाकीचे आले. नियमाप्रमाणे वहिनीने स्वतःचा कॅमेरा बंद केला. इकडच्यांनी कागद वाचला, तिकडच्यांनी कागद वाचला. दोन्ही कागदांत चूक समोरच्याची होती. मध्येच हशमतसाहेब कळवळून बोलू लागले, "जनाब, वहाँ हमारे बच्चे..." अध्यक्षांचा लगेच हुकूम आला, ज्याची पाळी त्यानेच बोलायचं. वहिनीने त्यांचा आवाज बंद केला. ज्यांना बोलतं करण्यात तिने उमर घालवली, त्यांना गप्प करायची वेळ तिच्यावर आली. मला फार वाईट वाटलं.

थोडा वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग त्यांना कळलं असावं. त्यांनी बाजूचा नातवाचा फोटो उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

वहिनी उठली. शोकेसमधला निहारचा गणवेशातला फोटो तिने आणला आणि लॅपटॉपसमोर धरला. आपला कॅमेरा बंद आहे, हे तिला माहीत होतं. तरी बैठक संपेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.