कळंबोलीत बाबांच्या गाडीला भेटायला

कोल्हापूरहून रात्रीच्या बसने निघाले तेव्हा माझा धाकटा भाऊ विश्वास मला स्टँडवर सोडायला आला होता. "ताई, बघून ये फक्त. भांडू नकोस," एवढंच म्हणाला. मी मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मी भांडायलाच निघाले होते.

आमचे बाबा गारगोटीकडच्या खेड्यांत डॉक्टरकी करायचे. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकी मोटार होती. त्यांच्या जन्माच्या आसपास बनलेली आणि तीन-चार मालक पाहून आमच्या दारात आलेली. बाबा गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये बरीच वर्षं पडून राहिली. शेवटी पुण्याच्या एका शौकिनाने मागितली. होती तशी उभी करीन म्हणाला, म्हणून आम्ही दिली. त्यानंतर तिची काही बातमी नव्हती. मग गेल्या महिन्यात विश्वासच्या मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला : 'नवी मुंबईत बनतेय हॉट रॉड'. हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीचं अंग घ्यायचं, मडगार्ड काढून टाकायची, छप्पर कापून खाली बसवायचं, दणकट इंजिन घालायचं आणि ते उघडंच ठेवायचं. व्हिडिओतल्या डॅशबोर्डवर पितळेचा हूक होता. बाबांनी स्वतः भोक पाडून बसवलेला, औषधांची पिशवी अडकवायला. असा हूक दुसऱ्या गाडीत असणं शक्य नव्हतं.

सकाळी बसने कळंबोलीला उतरवलं. नवी मुंबई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती होत्या. इथे नजर जाईल तिकडे लोखंड होतं. मनगटाएवढ्या जाडीचे गज, पत्र्याच्या अवाढव्य गुंडाळ्या, आणि त्यांच्या मधून वाट काढणारे ट्रेलर. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, गोडाऊन का गॅरेज?" मी गॅरेज म्हटलं आणि त्याने मला ट्रकच्या टायरवाल्याकडे नेऊन सोडलं. तिथून चालत निघाले तर काळ्या तेलकट चिखलात चप्पल रुतली आणि तिचा पट्टा तुटला. एका चहावाल्याने तारेने तो बांधून दिला. "त्या जुन्या गाडीवाल्याकडे ना? सरळ जावा. आवाज येईल," म्हणाला.

आवाज आलाच. ट्रान्सपोर्टच्या एका मोकळ्या यार्डात, पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती.

मी ओळखलं नाही. आधी हे लिहायला हवं. एवढ्या लांबून जिच्यासाठी आले, तिच्यासमोर उभी राहून मी गाडी शोधत होते. बाबांची गाडी उंच होती, टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखी. ही जमिनीला टेकलेली, कपाळ आखडलेली, पुढची चाकं उघडी. मग दाराचा बाक दिसला, पायरीजवळची पन्हळ दिसली, आणि आत डॅशबोर्डवर तो पितळेचा हूक.

शेडमधून चाळिशीचा एक धिप्पाड माणूस हात पुसत आला. हा हेमंत, बेलापूरजवळच्या खाडीकाठच्या गावचा. त्याचा ट्रेलरचा धंदा आहे, यार्ड त्याचंच. मी कोण ते सांगितलं.

"ही गारी (गाडी) तुमची हाय?"

"माझ्या वडिलांची होती."

"अरे देवा." त्याने मागे वळून हाक मारली, "सुदाम! इकडं ये. मालकीनबाई आल्यान."

सुदाम हा हेमंतचा भागीदार आणि मित्र. लातूरकडून लहानपणी आईवडिलांबरोबर आलेला, पत्र्याच्या कामात हात बसलेला. मी त्या दोघांनाही सुनावलं. जिवंत गाडी अशी कापवली कशी, विचारावंसंही वाटलं नाही का, असं बरंच. दोघांनी ऐकून घेतलं. मग सुदाम म्हणाला, "ताई, भंगारवाल्याकडनं आमच्याकडं आली तवा जिवंत नव्हती ती. इंजिन दुसऱ्या कुनीतरी काढून विकलेलं. खालचा पत्रा इतका गंजलेला, पाय ठिवला की आरपार. आमी घेतली नसती तर कटरखाली गेली असती."

मग मी छपराबद्दल विचारलं. छप्पर वीतभर कापून खाली आणलं होतं. मागची सीट काढून तिथे पेट्रोलची टाकी बसवली होती. विश्वास आणि मी त्याच सीटवर लहानाचे मोठे झालो. "ती सीट कुठे आहे?"

हेमंत खाली बघत म्हणाला, "उंदरांनी खाल्लेली, ताई. टाकली."

दुपारी त्याने मला आग्रहाने घरी जेवायला नेलं. नको म्हणाले, तर म्हणाला, "आमच्या दारात भांडून उपाशी कोन जात नाय." त्याची बायको, संगीतावहिनी, तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ताटात जिताड्याचं (खाडीतल्या एका चविष्ट माशाचं) कालवण होतं, चिंचेच्या आंबटाचं, पातळ आणि झणझणीत. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं कौतुक सांगू नये म्हणतात, पण मी दोनदा वाढून घेतलं.

जेवल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. एका बाजूला खाडीचा चिखल आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला इमारतीच इमारती. हेमंतने एका उंच टॉवरकडे बोट केलं.

"तिथं आमची खाचरं होती. आज्याची भातशेती. टॉवर चांगला बांधलाय, नाय बोलनार नाय. लोकं राहतात, पोरं खेळतात. पन मी खाली उभा राहिलो ना, मना (मला) भातच दिसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचा आज तसा झाला असंल."

माझ्या मनात इतका वेळ जे रागासारखं होतं, ते तिथे राग राहिलं नाही. मात्र हलकंही झालं नाही. राग असता तर कुणावर तरी ठेवता आला असता.

ऊन उतरल्यावर आम्ही यार्डात परतलो. सुदामने बॉनेटच नसलेल्या गाडीचं इंजिन चालू केलं आणि शेडचे पत्रे थरथरले. ही गाडी रस्त्यावर न्यायची त्यांना परवानगी नाही. एवढा बदल केलेली मोटार कागदोपत्री बसत नाही. त्यामुळे इतकी वर्षं रविवार-रविवार खपून केलेल्या गाडीचा सगळा आनंद त्या यार्डातच, लोखंडाच्या ढिगांभोवती एक चक्कर, दोन चकरा. "एक्स्प्रेसवे त्या समोर हाय," सुदाम हसत म्हणाला, "आन आमी हितं गोल गोल."

मग हेमंतने दार उघडून धरलं. "बसा, ताई. तुमी चालवा."

मला गाडी चालवता येते. शाळेत नोकरी करताना माझी मी शिकले. पण ही कधीच चालवली नव्हती. बाबांनी विश्वासला शिकवली. मला म्हणायचे, "तू मागे बस, वारा खा." त्यात कसला दुष्टपणा नव्हता. त्यांना ते सुचलंच नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

मी बसले. छप्पर इतकं खाली की अंबाडा घासला. क्लच दाबायला सगळा जोर लागला. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा उसळी मारून निघाली. सुदाम शेजारी बसून ओरडत होता, "सोडा, सोडा, हळू!" पुढ्यातल्या इंजिनाची धग तोंडावर येत होती. गजांच्या ढिगाला वळसा घातला, तेव्हा खारघरच्या डोंगरावर ऊन तांबूस झालं होतं. ट्रेलरचे ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. मी मोठ्याने हसत होते. दुसऱ्या वळणावर डोळे भरून आले आणि समोरचं धूसर झालं, म्हणून ब्रेक दाबला.

उतरताना हेमंत म्हणाला, "रंग अजून बाकी हाय. तुमच्या बाबांचा जो होता तो सांगा. तोच मारतो."

रंग गडद हिरवा होता, पावसाळ्यातल्या आंब्याच्या पानासारखा. तोंडाशी आलेलं मी गिळलं. "तुमची गाडी आहे. तुम्हाला आवडेल तो मारा," म्हणाले. त्या क्षणी मला ते मोठेपणाचं वाटलं.

परतीच्या बसमध्ये ते मोठेपण टिकलं नाही. घाट चढेपर्यंत मला कळून चुकलं होतं की तो माणूस त्याच्या हातात उरलेली एकच गोष्ट, बाबांचा रंग, मला देऊ करत होता.

दुसऱ्या दिवशी विश्वास घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, "आवाज तसाच आहे?"

"नाही. दुसरंच इंजिन आहे."

"आणि चालते कशी?"

"छान चालते," मी म्हटलं. "मी चालवली."

त्याने चमकून बघितलं. मग कपाची कड बोटाने पुसू लागला. "बाबांनी तुला शिकवायला हवी होती," म्हणाला. इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. मी उठून रंग सांगायला हेमंतला फोन लावला. रंगाचं काम सकाळीच सुरू झालं होतं. लाल मारतोय, म्हणाला. "छान दिसेल," मी म्हटलं, हिरव्याचं काढलंच नाही, आणि इंजिनाचा आवाज ऐकायला फोन विश्वासच्या हातात दिला.