काकूची पेशी

हे मी माझ्या चुलतभावाला, शिरीषदादालाही सांगितलेलं नाही, आणि आई तर त्याची होती. तुम्हालाच का सांगते आहे, ते विचारू नका. सांगून टाकते, झालं.

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी इथे जबलपूरला फिजिक्स शिकवते, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारते. म्हणजे असं — डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्या पेशींमध्ये शिरू द्यायचे. नुसते कण काही करत नाहीत, गुपचूप बसून राहतात. मग त्यांच्यावर अल्ट्रासाउंड सोडायचा, सोनोग्राफीत असतो तसाच, कानाला ऐकू न येणारा. त्यासरशी कण जागे होतात आणि पेशी मरते. पण बशीत — फक्त बशीत, हे लक्षात ठेवा. आमचं काम माणसापर्यंत कधी पोचेल, पोचेल की नाही, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरात याची कुणाला पडलेली नव्हती. शुभा कॉलेजात काहीतरी करून राहिली, एवढंच. एका दसऱ्याला सगळे जमलो होतो आणि मी आपली सांगत होते, पेशींवर काम छान चाललंय म्हणून. काकूने तेवढं बरोबर ऐकलं.

आता काका हयातभर हायकोर्टात वकिलाचे मुन्शी, म्हणजे कारकून. त्या घरात पेशी म्हणजे एकच, कोर्टातली तारीख. शरीरातल्या पेशीला आम्ही सगळे हिंदी शाळेपासून कोशिकाच म्हणत आलो. मराठी शब्द मी पुस्तकांतून उचललेला — मिरवायलाच, दुसरं काय?

पुढे काकूच्या छातीत गाठ निघाली. लहान होती. लवकर ऑपरेशन करा, बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. काकूने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "शुभा, तुझ्याकडे पेशी लागतात ना? माझी पण लावून दे. मला कापाकापी नाही करायची."

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं — हिला वाटतंय, माझ्याकडे रोग्यांना तारखा मिळतात. अगं काकू, ती पेशी नाही, कोशिका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. का नाही म्हटलं? ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, तसं त्या घरात मला कुणी कधी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "बघते."

तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. पेशीआधी बाहेर बोललं की समोरची पार्टी सावध होते, ही काकांची शिकवण. पण माझं कौतुक मात्र सुरू झालं. सराफ्यात सोनारभैयाजवळ, ग्वारीघाटावर फूलवालीजवळ — आमची शुभा फार मोठं काम करून राहिली. जेवायला पहिलं पान माझं. आणि खरं सांगू? मला आवडत होतं. मी घरी गेले की ती डोळ्यांनीच विचारायची. मी म्हणायचे, "पुढे गेली, काकू." म्हणजे आज नाही, पुढची तारीख पडली. हो, तिच्याच भाषेत. इतकी तयार झाले होते मी.

दादा ऑपरेशनसाठी तिच्या हातापाया पडायचा. काकू ऐकेना. मी तिथेच चहा पीत बसलेली असायचे.

गाठ पसरली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी दादा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत आम्ही दोघीच. मी रडत होते, ते बघून काकूने माझा हात धरला. "मन छोटं नको करू, बेटा. पेशी पुढे जाते, त्यात मुन्शीचा काय दोष? तुझे काका पण असंच तोंड पाडून घरी यायचे."

तेव्हा तरी? नाही. मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, "हो ना, काकू."

ती गेली. बशीतल्या पेशी अजून मरतात, काम छान चाललंय. आणि दादा अजून विचारतो, आई काहून अडून बसली असेल ग?

भ्यायली असेल, मी म्हणते.